शनवारी घाणा बंद : कोकणातले बेने इस्रायल आणि संयमाची घडण

(गोंदिया इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



'ज्यू परंपरेतला आत्मसंयम' असा विषय फलकावर लागला, तेव्हा एका मित्रानं फोन करून विचारलं, "सर, गोंदियात ज्यू कुठून आणणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे धान आहे, राईस मिल आहेत, बिडी आहे, तळ्याकाठी सारस आहेत. सिनेगॉग नाही. पण मी सुरुवात सिनेगॉगपासून करणारच नाहीये. मी तेलाच्या घाण्यापासून करणार आहे, आणि घाणा इथल्या वडीलधाऱ्यांना माझ्याहून चांगला ठाऊक आहे. धान बांधीत उभं असतानाच त्यात जवस फेकायचं, धान कापलं की ते वर येतं, आणि निघालं की तेल्याच्या घाण्यावर जातं. बैलाच्या डोळ्यांवर झापड, लाट करकरते आहे, बैल गोल गोल फिरतो आहे. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. आपल्याला आज याच घाण्याभोवती फिरायचं आहे.

असाच घाणा राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात फिरत होता. तिथं तेलाचा धंदा करणारे काही लोक होते. दिसायला, बोलायला, नेसायला शेजाऱ्यांसारखेच. भाषा मराठी. पण शनिवार आला की त्यांचा घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. गावातले दुसरे तेली सोमवार पाळायचे, शंकराचा वार म्हणून. ते 'सोमवार तेली'. गावाच्या दृष्टीनं एवढाच फरक.

हे शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल, आपले मराठी ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार जुन्या काळी नौगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात जोडपी तेवढी वाचली. वस्ती वाढली, लोक गावोगाव पसरले, आणि गावांवरून आडनावं पडली. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, दिव्याचे दिवेकर, राजपूरचे राजपूरकर. आडनाव ऐकून कोणी ओळखणार नाही.

आता त्यांच्यापाशी काय नव्हतं ते बघा. धर्मग्रंथ नव्हता, तो समुद्रात गेला असं तेच सांगत. हिब्रू भाषा विसरली. धर्मगुरू नाही, प्रार्थनामंदिर नाही. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्यानं त्यांच्याविषयी लिहिलं, ते हेच. हे लोक स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, त्यांच्याकडे बायबल नाही, हिब्रू येत नाही, 'शेमा' हा एक शब्द तेवढा माहीत आहे. शेमा म्हणजे 'ऐक'. त्यांच्या मुख्य प्रार्थनेचा पहिला शब्द.

त्याच्याही साडेपाचशे वर्षं आधीचा एक उल्लेख आहे. मैमोनिदीस हा ज्यू परंपरेतला फार मोठा पंडित, पेशानं वैद्य, राहायला कैरोजवळ. १२०४ साली वारला. आयुष्याच्या अखेरीला त्यानं दक्षिण फ्रान्समधल्या विद्वानांना पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शास्त्र काही माहीत नाही, शब्बाथ आणि सुंता एवढंच ते पाळतात. कोकणाचं नाव तो घेत नाही. पण वर्णन किती जुळतं बघा!

इथं मला एक प्रश्न पडतो, आणि माझं आजचं सगळं बोलणं त्या प्रश्नाभोवती आहे. ग्रंथ गेला, भाषा गेली, गुरू गेले. मग राहिलं काय? राहिलं ते 'थांबणं'. आठवड्यातून एक दिवस हात आवरणं. पाठ केलेलं ज्ञान दोन पिढ्यांत विसरतं. पाळलेला वार विसरला नाही. असं का झालं?

उत्तराआधी मी माझी एक गोष्ट सांगतो, म्हणजे हा माणूस आपल्याला उपदेश करायला आला आहे असं वाटायला नको. मी अकरा वर्षं खर्रा खाल्ला. (हशा) हसा, हसा. इथं अर्ध्या खिशांत आत्ता पन्नी असेल. मी कितीदा सोडला विचारा. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या साक्षीनं सोडायचा आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, पुन्हा तोंडात. प्रत्येक वेळी मी स्वतःला एकच शिवी द्यायचो : तुझ्यात दम नाही. मनाची ताकद नाही. ही ताकद काही लोक जन्मतःच घेऊन येतात, आपण आणली नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

ज्यू विचार नेमका या समजुतीला हात घालतो. ते म्हणतात, माणसात दोन ओढी असतात. हिब्रूत ओढीला 'येत्सेर' म्हणतात. एक चांगल्याची, एक वाईटाची. आता गंमत बघा. दुसरी ओढ उपटून टाका असं ते म्हणत नाहीत. ती नसती तर माणसानं घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदा केला नसता, असं त्यांचे जुने आचार्य सांगतात. म्हणजे ओढ हा बैल आहे. बैल मारायचा नाही, त्याला जुवाखाली आणायचं. दुसऱ्या शतकाच्या सुमारास बेन झोमा नावाचा एक आचार्य होऊन गेला. बलवान कोणाला म्हणावं, या प्रश्नावर त्यानं पैलवानाचं नाव घेतलं नाही, सेनापतीचं घेतलं नाही. स्वतःच्या ओढीवर ज्याचा ताबा, तो बलवान, असा त्याचा निवाडा आहे.

इथवर आपल्या संतांनीही सांगितलं आहे. मनाला आवरा हे आपण लहानपणापासून ऐकतो. मला वेगळं वाटलं ते पुढचं. आवरायचं कसं? यावर ज्यू परंपरेचं उत्तर फार व्यवहारी आहे. मनाशी कुस्ती करत बसू नका. हातांना सवय लावा, मन मागून येईल.

मैमोनिदीसचं उदाहरण घ्या. एका माणसाकडे हजार नाणी आहेत. त्यानं ती एकाला एकदम देऊन टाकली. दुसऱ्यानं हजार वेळा एकेक नाणं दिलं. दान सारखंच. पण मैमोनिदीस म्हणतो, उदार झाला तो दुसरा, कारण त्याची मूठ हजार वेळा उघडली. पहिल्याला एकदा उमाळा आला आणि गेला. माझं पोळ्याचं खर्रा सोडणं हे हजार नाणी एकदम फेकण्यासारखं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तो वैद्य होता, त्यामुळे स्वभावावरही औषध सांगतो. एरवी मार्ग मधला धरा. पण एका बाजूला फार कललेला माणूस असेल तर काही काळ मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊ द्या, मग मध्ये आणा. आपल्याकडे वाकडा बांबू सरळ करणारा कारागीर काय करतो? शेक देतो आणि उलट्या बाजूला वाकवून धरतो. तेच.

आता घाण्याकडे परत येऊ. शनिवारी घाणा बंद याचा हिशोब मांडा. वर्षाचे बावन्न दिवस. तेल्याचं पोट रोजच्या गाळपावर. आपल्याकडे बिडी वळणाऱ्या बाईला हजारी मोजून पैसे मिळतात, एक दिवस हात थांबला तर तेवढे पैसे गेले. तिला विचारा थांबण्याची किंमत काय असते. कोकणातल्या त्या तेल्यांनी ही किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली, आणि मोजायला लावणारा कोणी नव्हता. गुरू नाही, दंड नाही, बघायला पंचायत नाही. मला हे फार मोठं वाटतं.

आणि ते एकट्याचं थांबणं नव्हतं. शब्बाथचा मूळ नियम असा की तू थांबशील, तसा तुझा नोकर थांबेल, दासी थांबेल, दारात उतरलेला परका थांबेल, आणि तुझा बैलही थांबेल. बैल स्पष्ट लिहिलेला आहे. कारण काय दिलं आहे? तूही एकदा मिसरात गुलाम होतास हे विसरू नकोस. आपण बैलाला पोळ्याला वर्षातून एकदा सुट्टी देतो, अंघोळ घालतो, पुरणपोळी भरवतो. या नियमात त्याला दर आठवड्याला सुट्टी. म्हणजे माझा संयम ही माझी एकट्याची साधना नाही. मी हव्यास आवरला की माझ्या जिवावर जगणाऱ्यांना विसावा मिळतो, मी नाही आवरला तर त्यांची पाठ सोलते. राईस मिलवाले इथं कोणी बसले असतील तर हे त्यांनी घरी न्यावं.

दुसरी जागा स्वयंपाकघर. बेने इस्रायलांच्या परंपरेत डेव्हिड राहाबी नावाच्या एका परदेशी ज्यूची गोष्ट आहे. तो केव्हा आला यावर इतिहासकार भांडतात, कोणी हजार वर्षं मागे नेतात, कोणी अठराव्या शतकात आणतात. गोष्ट मात्र एकच. या लोकांचा शनिवार पाहून त्याला शंका आली, पण खात्री करायची होती. त्यानं बायकांच्या पुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला केले. ते आम्ही खात नाही, म्हणाल्या. ज्यू आहारशास्त्राचा नियम नेमका तोच आहे. आपल्या तळ्यातला रोहू चालेल, मागूर चालणार नाही, झिंगे चालणार नाहीत.

या गोष्टीत श्रेय राहाबीला जातं, कारण त्यानं ओळखलं. मला वाटतं श्रेय त्या बायकांचं आहे. का खायचं नाही हे सांगणारं पुस्तक त्यांच्यापाशी नव्हतं. मासळीबाजारात सगळ्या प्रकारची मासळी स्वस्त मिळत होती. तरी हात काही टोपल्यांपाशी थांबत होता. आई थांबली म्हणून लेक थांबली. संयम असा चुलीपाशी शिकवला गेला, व्याख्यानातून नाही. म्हणजे मी आत्ता करतो आहे त्यातून नाही! (हशा)

तिसरी जागा सण. हिब्रू नावं विसरली, तरी सण मराठी नावांनी जगले. ही नावं ऐका. नव्याचा सण. खिरीचा सण. बिरड्याचा रोजा, त्या दिवशीचा उपास वालाच्या बिरड्यानं सुटायचा. आणि या सगळ्यांत मला विलक्षण वाटतो तो दारफळणीचा सण. म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. ज्यू लोक ज्याला योम किप्पूर म्हणतात, वर्षाच्या पापांचं प्रायश्चित्त, तो हा दिवस. पांढरी वस्त्रं, कडक उपास, दार बंद, बाहेरच्या कोणाशी संबंध नाही. वर्षभर माणूस दुसऱ्यांचा हिशोब करतो, त्या दिवशी दार लावून स्वतःचा करायचा. आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. दारं उघडायची आणि गोरगरिबांना दान द्यायचं. एक दिवस आत, दुसऱ्या दिवशी बाहेर. नुसती आत कोंडून घेतलेली शुद्धता त्यांना पुरी वाटली नाही.

पण कडकपणालाही मर्यादा आहे, आणि तीही त्याच शास्त्रानं घातलेली आहे. त्यासाठी जरा युरोपात जाऊन येऊ. इस्रायल सालांतर हा एकोणिसाव्या शतकातला लिथुआनियाचा धर्मपंडित. त्यानं 'मुसार' नावाची चळवळ उभी केली. मुसार म्हणजे स्वभावाला वळण लावणं. तो म्हणे, नुसतं ग्रंथपठण करून माणूस चांगला होत नाही, रागावर, लोभावर, जिभेवर वेगळी मेहनत घ्यावी लागते. १८४८ साली विल्ना शहरात पटकीची साथ आली. त्याच वेळी योम किप्पूरचा उपास आला. उपाशी शरीराला पटकी लवकर धरेल, म्हणून सालांतरनं लोकांना उपास सोडायला लावला, आणि लोक कचरतात हे पाहून प्रार्थनामंदिरात सर्वांसमोर स्वतः खाल्लं, असं सांगतात. जीव वाचवण्यापुढे जवळजवळ प्रत्येक नियम बाजूला होतो, हा ज्यू शास्त्राचाच नियम. मला ही गोष्ट यासाठी सांगावीशी वाटते की संयमाचा अहंकार हीसुद्धा एक ओढच असते. आपले काही उपासवाले बघा, मधुमेह आहे, डॉक्टर नको म्हणतो, तरी निर्जळी. तो संयम नाही, हट्ट आहे.

सालांतरच्या मंडळींनी एक जुनं पुस्तक पुन्हा चालवलं. मेंडेल लेफीन नावाच्या विद्वानाचं, १८०८ सालचं. नाव 'हेशबोन हानेफेश', म्हणजे जिवाचा जमाखर्च. त्यातली पद्धत लेफीननं अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनकडून घेतली होती. तेरा गुण निवडायचे. एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष. रोज रात्री वहीत खूण करायची, आज कुठं चुकलो. तेरा आठवड्यांत फेरी पुरी, वर्षात चार फेऱ्या. तेरा चोक बावन्न. ख्रिस्ती घरातल्या माणसाची युक्ती ज्यू पंडितानं घेतली आणि त्यात कमीपणा मानला नाही. दुकानदार रोज गल्ला मोजतो, मग आपणच स्वतःचा का मोजू नये?

परत कोकणात येऊ, कारण मुख्य परीक्षा पुढे आहे. अठराव्या शतकात बेने इस्रायल तरुण इंग्रज कंपनीच्या पलटणीत भरती झाले. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे त्यांतले अधिकारी. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. परंपरा सांगते की हे बेने इस्रायल आहेत असं कळल्यावर टिपूच्या आईनं रदबदली केली आणि जीव वाचला. कैदेत असताना त्यांनी नवस केला होता, सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन. आणि १७९६ साली मुंबईत ते बांधलं. 'जुनी मशीद' म्हणून लोक त्याला ओळखत. पुढे नाव पडलं शआर हारहमीम, दयेचं द्वार. नवस बोलणं सोपं असतं. घरी सुखरूप पोचल्यावर, धोका टळल्यावर, तो फेडणं हा खरा संयम. ते पुढे कोचीनला गेले आणि १७९७ साली तिथंच वारले.

मग आले मिशनरी. ही फार नाजूक परीक्षा होती. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुलं-मुली शिकली. मराठी बायबल त्यांच्या हाती पडलं. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. शतकानुशतकं हरवलेला स्वतःचा ग्रंथ दुसऱ्या धर्माच्या हातून परत मिळाला. तुम्ही असता तर काय केलं असतं? भारावून तिकडे गेला असता किंवा घाबरून शाळा सोडली असती. त्यांनी शिक्षण घेतलं, ग्रंथ घेतला, विल्सनसाहेबांचा मान ठेवला, आणि धर्म बदलला तो अगदी थोड्यांनी. घ्यायचं काय आणि थांबायचं कुठं, याचा सराव त्यांना शेकडो वर्षांचा होता. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली समाजाची शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली छापला गेला. १८८०च्या सुमारास तर मुंबईत ज्यू कीर्तन सुरू झालं. तीच मराठी, तोच पूर्वरंग-उत्तररंगाचा थाट, कथा हिब्रू बायबलातली.

सगळं सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही. या समाजात गोरा आणि काळा असा भेद होता आणि काळा म्हटलेल्यांशी रोटी-बेटी होत नसे. जातीचा हव्यास त्यांना आवरला नाही. आपल्या मातीचा हा गुण त्यांनीही घेतला. आणि काळाचा न्याय असा, की पुढे हेच त्यांच्याही वाट्याला आलं. स्वातंत्र्यानंतर बरेच जण इस्रायलला गेले. तिथं १९६०नंतर धर्मपीठानं त्यांच्या लग्नांवर शंका घेतली. तुम्ही पुरे ज्यू आहात की नाही, आई-आजीपासून तपासून पाहू! ज्या लोकांनी ग्रंथ नसताना शनिवार पाळला, त्यांना हा प्रश्न. ते भारतातून आलेले लोक होते, त्यांनी धरणं धरलं. जेरुसलेमला, बायका-मुलांसह. १९६४च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल सर्व दृष्टींनी ज्यू आहेत. राग येणं साहजिक होतं. तो राग त्यांनी जमिनीवर बसवून ठेवला, आणि उठले ते निकाल घेऊन.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. पण पोह्यांचा मलिदा अजून होतो. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. एलियाहू हनाबीच्या नावानं नवस फेडताना करतात. आपल्या धानाच्या मुलखातल्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही.

आता माझ्या खर्ऱ्याचं काय झालं? मी शनिवार धरला नाही, मी ज्यू नाही. मी सोमवार तेली झालो. फक्त सोमवारी नाही खायचा, एवढंच ठरवलं. बायकोला सांगितलं, पानठेल्यावाल्याला सांगितलं, की सोमवारी मागितला तर द्यायचा नाही. पहिले सोमवार वाईट गेले. डोकं दुखायचं, पोरांवर ओरडायचो. दोनदा चुकलो, वहीत खूण केली. तीनेक महिन्यांनी गुरुवार जोडला. डॉक्टरांनाही दाखवलं, त्यात लाज कसली! सव्वा वर्ष लागलं. माझ्यात दम नव्हता हे खरंच होतं, पण तो सोमवारी-सोमवारी तयार झाला. आधी ताकद आणि मग थांबणं, असं मी समजत होतो. क्रम उलटा निघाला.

म्हणून जाताना एवढंच मागतो. उद्यापासून सगळं सोडू नका. हजार नाणी एकदम फेकू नका. तुमचा घाणा कोणता ते तुम्हाला माहीत आहे. कोणाचा मोबाईल, कोणाची बाटली, कोणाची जीभ, कोणाचा ओव्हरटाइम. एक वार ठरवा आणि त्या दिवशी तो बंद ठेवा. घरच्यांना सांगा, म्हणजे तेही थांबतील. आणि त्या दिवशी आपल्या जुवाखालचा बैल कोण आहे, तेही जरा बघा. त्याच्या डोळ्यांवरची झापड त्या दिवशी सोडा.